सिस्टर जादा कधी थांबतात, आणि कधी थांबत नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रुग्णालयांमध्ये हल्ली ‘नेतृत्व आणि भावनिक बुद्धिमत्ता’ या विषयावर एकदिवसीय कार्यशाळा भरवण्याची पद्धत पडली आहे. सभागृहात प्रोजेक्टर लागतो, बाहेरून बोलावलेला वक्ता हसतमुख राहण्याचे फायदे सांगतो आणि समोर बसलेल्या काही सिस्टर रात्रपाळी उरकून थेट आलेल्या असतात, कारण हजेरी सक्तीची असते. कर्मचाऱ्यांनी नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन काही करावे, ही प्रशासनाची अपेक्षा गैर नाही. ती कशाने पुरी होते आणि कशाने मोडते, याविषयी मात्र भलत्याच समजुती आहेत. सरकारी, महापालिकेच्या आणि धर्मादाय रुग्णालयांतील वॉर्ड डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हे लिहीत आहोत.

कामापलीकडचे काम म्हणजे दर वेळी काही नाट्यमय असते असे नाही. साधे (रेग्युलर) इन्सुलिन जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी द्यायचे असते. सिस्टरचे नेमलेले काम इतकेच, की लिहिलेल्या वेळी लिहिलेला डोस द्यावा. पण आज जेवणाची गाडी स्वयंपाकघरातून अजून निघालेलीच नाही, हे लक्षात घेऊन सिरिंज भरण्याआधी तिकडे फोन करणारी सिस्टर रुग्णाची साखर एकदम उतरण्याचे संकट टाळते. कोणी म्हणेल, हेही तिचे कर्तव्यच. असेलही, पण तो फोन केला नाही म्हणून तिला कधी मेमो मिळणार नाही, आणि केला म्हणून कोणाला कळणारही नाही.

दुसरे उदाहरण ऑक्सिजनचे. मोठ्या रुग्णालयांत पाइपलाइन आली असली, तरी लहान ठिकाणी आणि जादा खाटांना अजून सिलिंडरच लागतो. मोठा, ‘डी टाइप’ सिलिंडर पूर्ण भरलेला असताना गेजचा काटा १५० च्या आसपास असतो आणि आत सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. काटा ५० वर आला, की एक तृतीयांश, म्हणजे सुमारे २,३०० लिटर उरले. रुग्णाला मिनिटाला १० लिटर चालू असेल, तर हा साठा पावणेचार तासांच्या आसपास पुरतो. रात्री ९ वाजता पाळी सोपवताना काटा ५० वर असेल, तर एक वाजायच्या आत सिलिंडर संपणार. ‘ऑक्सिजन चालू आहे’ एवढे सांगितले तरी हँडओव्हर नियमात बसते. ‘बारालाच बदलून घ्या, दुसरा भरलेला कोपऱ्यात आहे, पाना त्यालाच बांधलाय,’ हे सांगणे नियमात नाही. आणि रात्री एका सिस्टरवर तीस-चाळीस रुग्ण असताना सगळा फरक त्या तेवढ्या वाक्याने पडतो.

अमेरिकेत डेनिस ऑर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अशा वागण्याला स्वतंत्र नाव देऊन त्याचा अभ्यास सुरू केला. ज्याचा वेगळा मोबदला नाही, जे सक्तीचे नाही, पण ज्यावाचून संस्था नीट चालत नाही, ते संस्थेतले ‘नागरिकत्वाचे वर्तन’. पुढे त्यांनी त्याचे पाच प्रकार केले. सहकाऱ्याला मदत, नियमांचे मनापासून पालन, बारीकसारीक गैरसोयीवर कुरकुर न करणे, पुढच्याला अडचण येणार असेल तर आधी सांगून ठेवणे आणि संस्थेच्या कारभारात लक्ष घालणे. व्यवस्थापनाला यातला तिसरा प्रकार फार आवडतो. रुग्णाच्या दृष्टीने पहिला आणि चौथा महत्त्वाचा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे कर्तव्य कागदावर एकीचे असते, पण साठ-सत्तर किलोचा माणूस एकटीने नीट वळवता येत नाही. शेजारच्या खाटांची सिस्टर हातातले काम बाजूला ठेवून आली तर कूस बदलते. नाही आली तर तक्त्यावर फक्त खूण होते आणि थोड्याच दिवसांत पाठीला जखम दिसते.

हे सगळे किती मोलाचे, ते ‘नियमानुसार काम’ आंदोलनात समजते. कोणीही संपावर नसते, नियम एकही मोडला जात नाही, तरी कारभार ठप्प होतो. म्हणजे एरवी जे चालते, ते नियमांपलीकडच्या कामावर चालते. वॉर्डात असे आंदोलन पुकारावे लागत नाही. वर्ष-दोन वर्षांत ते न बोलता सुरू होते, आणि वरिष्ठांना वाटते, की नव्या मुलींमध्ये पूर्वीसारखी निष्ठा राहिली नाही.

हे न बोललेले आंदोलन ज्या पदावर रोखता किंवा वाढवता येते, ते पद अधीक्षकांचे नाही, अधिसेविकेचेही (मेट्रनचेही) नाही. ते परिसेविकेचे, म्हणजे वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरचे. वॉर्डातल्या सिस्टरच्या लेखी ‘संस्था’ म्हणजे तीच. आणि तिची भावनिक समज दिसते ती ड्यूटी लिस्टमध्ये. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची मांडणी केली, तेव्हा गोड बोलण्याचा संबंध नव्हता. आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणे, त्यांतला फरक करणे आणि त्या माहितीनुसार विचार व कृती करणे, अशी ती क्षमता होती. कृती हा तिचा शेवटचा भाग कार्यशाळांतून गळून पडला आहे.

ड्यूटी लिस्टबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण वॉर्डातल्या बहुतेक रागाचे मूळ तिथे असते. लिस्ट महिनाअखेरीस लागते आणि दुसऱ्या दिवसापासून अमलात येते, ही पहिली चूक. मुलाची परीक्षा, सासूबाईंची तपासणी, गावची जत्रा, यांतले काहीच जुळवता येत नाही. मग ऐन वेळी आजारपणाची रजा येते आणि तिचा भार दुसरीवर पडतो. लिस्ट किमान १० दिवस आधी लागावी. तिच्यासोबत एक वही असावी, जिच्यात प्रत्येकीच्या नावापुढे गेल्या १२ महिन्यांतल्या नाईट, रविवार, सणाच्या ड्यूट्या, जादा थांबवल्याचे दिवस आणि नाकारलेल्या विनंत्या मांडलेल्या असतील. वही कपाटात नको, टेबलावर हवी. पक्षपात झाला असे वाटणे आणि पक्षपात होणे यांचा परिणाम सारखाच असतो; वही उघडी असेल तर निदान पहिल्याचा निकाल लागतो.

पाळ्यांच्या जोडणीत तीन गोष्टी हमखास चुकतात. इव्हिनिंगनंतर लगेच दुसऱ्या दिवशी मॉर्निंग लावली जाते. रात्री ९ ला सुटलेली सिस्टर साडेदहाला घरी पोचते आणि सकाळी ७ च्या ड्यूटीसाठी पाचला उठते; कागदावर १० तासांची विश्रांती, झोप पाच-सहा तासांची. दुसरे, सलग सहा-सात नाईट. तीन-चारपलीकडे जाऊ नये. पुढच्या रात्रींत औषधांच्या हिशेबातली एकाग्रता घसरते. तिसरी आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे शेवटची नाईट संपवून सकाळी घरी गेलेल्या सिस्टरचा तोच दिवस ‘ऑफ’ म्हणून मोजणे. तो दिवस झोपेत जातो. हा एक ऑफ वाचवून वॉर्डाला जे मिळते, त्याच्या अनेक पट ती सिस्टर पुढे मनातून काढून घेते, आणि तिचा त्यात दोष नाही.

विनंत्यांबाबत आमचे मत अनेकांना पटणार नाही. महिन्याला प्रत्येकीला दोन विनंत्या असाव्यात आणि त्यांचे कारण विचारू नये. कारण विचारले, की जिची कहाणी करुण तिला सुट्टी मिळते. अविवाहित मुलीला ‘तुला काय घर आहे’ म्हणून दिवाळीत थांबवले जाते. तिलाही आईवडील असतात. सणांचे वाटप वर्षाच्या सुरुवातीलाच करून टाकावे. गणपती, दिवाळी, ईद, नाताळ, आणि केरळच्या सिस्टर असतील तर ओणम, असे सण मांडून प्रत्येकीने कोणता हवाच हे एकदा सांगायचे. उरलेले फिरत्या क्रमाने. ड्यूटी आपसात बदलायला मोकळीक द्यावी, पण दोघींच्या सह्या हव्यात आणि त्या पाळीत इमर्जन्सी ट्रॉली व सक्शन मशीन हाताळण्याचा सराव असलेली किमान एकजण उरली पाहिजे. एवढी एकच अट पुरते. जिथे अशी अदलाबदल सहज होते, तिथे एकमेकींना मदत आपोआप होते, कारण हिशेब एकमेकींशी असतो, इन्चार्जशी नसतो.

आता खरी परीक्षा. संध्याकाळचे ९ वाजले, रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, आली नाही. इन्चार्ज कोणाकडे वळते? जी नाही म्हणत नाही तिच्याकडे. दर वेळी तिच्याचकडे. वर्षभर हसून थांबणारी ही सिस्टर एक दिवस बदलीचा अर्ज देते आणि सगळ्यांना धक्का बसतो. नेमून दिलेल्या कामापलीकडे सर्वांत अधिक देणारी व्यक्तीच आधी थकते, हे कामाच्या ठिकाणांच्या अभ्यासातही दिसले आहे. उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. थांबण्याचा फिरता क्रम भिंतीवर लावावा. क्रम जिचा असेल तिलाही आधी विचारावे, आणि ती नाही म्हणाली तर कारण न विचारता पुढचे नाव घ्यावे. मात्र तिचे नाव क्रमात वरच राहील. थांबलेल्या तासांच्या बदल्यात मिळणारी बदली रजा १५ दिवसांच्या आत द्यावी. महिनाअखेरीला साठवलेली बदली रजा मिळत नाही, हे सर्वांना अनुभवाने ठाऊक असते. शिवाय दुसऱ्या दिवशी नेमके सांगावे, की काल तू थांबलीस म्हणून १२ नंबरचे रक्त वेळेत चढले. नुसते ‘थँक्यू हं’ ऐकून कान किटलेले असतात.

हँडओव्हर हे वॉर्डातले दुसरे नाजूक ठिकाण. तीस खाटांच्या वॉर्डात खाटेपाशी उभे राहून केलेल्या हँडओव्हरला २० ते २५ मिनिटे लागतात. टेबलावर बसून केले तर आठ-दहा. वेळ वाचतो, पण सलाइनच्या जागेची सूज, रिकामी होत आलेली बाटली, भरलेली युरोबॅग (लघवीची पिशवी) यांतले काही दिसत नाही, आणि सापडते तेव्हा आधीची पाळी घरी गेलेली असते. मग ‘तुमच्या पाळीने काहीच केलं नाही’ हे भांडण. ते मिटवण्यासाठी इन्चार्जने एकदा सर्वांना बसवून ठरवावे, की कोणते काम उरले तर चालेल आणि कोणते उरता कामा नये. ट्रॉलीची मांडणी, तक्त्यांच्या रेघा, कापडाची मोजणी उरली तर पुढच्या पाळीने मुकाट्याने घ्यावी. अँटिबायोटिकचा डोस, रक्ताचे नमुने, शस्त्रक्रियेआधीची तयारी उरता कामा नये. उरलीच तर कारणासकट सांगावे. काय सांगायचे याचा क्रमही ठरलेला बरा. आत्ता काय चालले आहे, आधीचे काय, आपला अंदाज काय, आता काय करायला हवे, या चार पायऱ्यांची पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांतून रुग्णालयांत आली. तिसरी पायरी आपल्याकडे वगळली जाते, कारण सिस्टरने अंदाज बांधायचा नसतो असा समज आहे. ‘सर, या पेशंटचं मला बरं वाटत नाही’ हे डॉक्टरांना सांगण्याचे धैर्य कर्तव्यसूचीत नसते. एकदा सांगितल्यावर चारचौघांत ‘तू डॉक्टर आहेस का?’ ऐकावे लागले, की पुढल्या वेळी ती गप्प राहते. अशा वेळी इन्चार्जने त्या डॉक्टरांशी स्वतः, एकांतात आणि त्याच दिवशी बोलले पाहिजे. सिस्टरची समजूत घालून भागत नाही.

चुकांविषयी एक निष्कर्ष आपल्या रुग्णालयांत अजून पचलेला नाही. एमी एडमंडसन या संशोधक १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांचे गट आणि औषध देताना होणाऱ्या चुका यांचा अभ्यास करत होत्या. चांगले नेतृत्व असलेल्या गटांत चुका कमी निघतील, अशी अपेक्षा होती. निघाल्या अधिक. पुढे उलगडा झाला, की त्या गटांत चुका अधिक होत नव्हत्या, सांगितल्या अधिक जात होत्या. भीतीच्या गटांत त्या लपत होत्या. आपल्याकडे ‘आमच्या वॉर्डात वर्षभरात एकही चूक नाही’ असा अहवाल अभिमानाने वर जातो, आणि वरचेही तो तशाच अभिमानाने घेतात. तीस खाटा, दिवसाला शेकडो डोस, एवढ्याशा सिस्टर, आणि एकही चूक नाही? तो अहवाल खरा मानणे हीच मोठी चूक.

चूक झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत इन्चार्ज काय करते, त्यावर पुढची काही वर्षे ठरतात. आधी रुग्ण. नाडी, रक्तदाब, श्वास, शुद्ध पाहायची, डॉक्टरांना कळवायचे, उरलेले औषध आणि बाटली बाजूला ठेवायची, फेकायची नाही. मग सिस्टरला रुग्णांच्या आणि नातेवाइकांच्या नजरेआड न्यायचे. पहिला प्रश्न ‘काय झालं?’ असा असावा, ‘कोणी केलं?’ असा नसावा. त्या वेळी तिचे हात थरथरत असतात. पुढचा डोस तिला द्यायला लावू नये; अर्ध्या तासासाठी खाटा दुसरीकडे द्याव्यात. घटना त्याच पाळीत लिहून घ्यावी, तिच्याच शब्दांत. दुसऱ्या दिवशी कारणे शोधावीत. बहुतेक वेळा ती जागेवरच असतात. दोन औषधांच्या एकसारख्या दिसणाऱ्या कुप्या एकाच खणात, एकाच आडनावाचे दोन रुग्ण शेजारी, किंवा डोस भरताना तीनदा आलेला फोन. पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र (पातळ न करता शिरेत गेल्यास जीवघेण्या) द्रावणाच्या कुप्या साध्या पाण्याच्या कुप्यांशेजारी ठेवलेल्या असतील, तर कारणे दाखवा नोटीस खणाला द्यायला हवी. मुद्दाम केलेला किंवा पुन्हा पुन्हा होणारा हलगर्जीपणा वेगळा, त्यावर कारवाई व्हावीच. पण दोन्हींना एकच मेमो मिळू लागला, की प्रामाणिक सिस्टर आधी गप्प होते.

नातेवाइकांच्या रागाबद्दल थोडक्यात. वैद्यकीय सेवा देणाऱ्यांवरील हिंसाचारासाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. तो घटना घडून गेल्यावर उपयोगी पडतो. आरडाओरडा सुरू झाला, की इन्चार्जने आधी सिस्टरला मागे घ्यावे आणि स्वतः पुढे व्हावे, मोठ्याने बोलणाऱ्याला खाटेपासून दूर नेऊन बसवावे, सुरक्षारक्षकाला बोलावून ठेवावे पण लगेच अंगावर घालू नये, आणि ‘डॉक्टर किती वाजता भेटतील’ याचे खरे उत्तर द्यावे. सर्वांत वाईट म्हणजे शांतता व्हावी म्हणून सिस्टरचे न ऐकताच तिच्या वतीने माफी मागणे. नातेवाईक तासाभरात जातात. सिस्टर तिथेच असते.

इथे हसतमुखपणाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून दाखवले, की मनात नसलेली भावना चेहऱ्यावर धरून ठेवणे हेही श्रमच आहेत आणि त्यांचा शीण असतो. वॉर्डात मृत्यू झाल्यावर मृतदेहाची तयारी करून, नातेवाइकांना सांभाळून, दहाव्या मिनिटाला नव्या भरतीच्या रुग्णाशी हसून बोलायला लावणे ही सेवेची शिकवण नव्हे. नव्या मुलीसोबत अशा वेळी अनुभवी सिस्टर द्यावी, नंतर तिला दहा मिनिटे चहासाठी बाहेर पाठवावे आणि पुढची भरती दुसरीने घ्यावी. खर्च काही नाही. पण हे करणाऱ्या इन्चार्जसाठी सिस्टर नाईटला जादा थांबतात.

आणि आता जे प्रशासनाला आवडणार नाही. जादा काम जादा राहिले तरच टिकते. इस्रायलचे संशोधक एरान विगोडा-गॅडोट यांनी २००६ च्या सुमारास ‘सक्तीचे नागरिकत्व’ असा मुद्दा मांडला. वरिष्ठांच्या दडपणाखाली केलेले स्वेच्छेचे काम ताण वाढवते, नोकरी सोडण्याची इच्छा वाढवते आणि खरी स्वेच्छा मारते. कंत्राटी सिस्टरला ११ महिन्यांचा करार नूतनीकरणाला आला असताना ‘जरा थांबशील का?’ असे विचारणे म्हणजे विचारणे नव्हेच. तिला नाही म्हणण्याची सोय नसते. तेच काम, शेजारची खाट, आणि पगार कायम सिस्टरपेक्षा कितीतरी कमी. अशा ठिकाणी कंत्राटी कर्मचाऱ्यांना थांबण्याच्या फिरत्या क्रमातून वगळावे किंवा जादा तासांचे पैसे रोख द्यावेत. मामा-मावशींनाही (वॉर्डबॉय आणि आयांनाही) हेच लागू. भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ आणि अध्यापन रुग्णालयात ३ मागे १ परिचारिका असा आहे. रिक्त पदे वर्षानुवर्षे तशीच ठेवून ती भरून काढण्यासाठी भावनिक बुद्धिमत्तेचे धडे देणे हा शुद्ध अप्रामाणिकपणा आहे. समंजस इन्चार्ज चार सिस्टरांच्या जागी चारच सिस्टर नीट वापरू शकते. दोन सिस्टरांच्या चार करू शकत नाही.

इन्चार्जलाच दोष देऊन थांबणेही बरोबर नाही. तिचा बराचसा दिवस इंडेंट (सामानाची मागणीपत्रे), धोब्याकडच्या कपड्यांची मोजणी आणि डेड स्टॉक रजिस्टर (वॉर्डातल्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही) यांत जातो. या रजिस्टरने वॉर्डाचा स्वभाव कसा बदलतो, हे बाहेरच्यांना माहीत नसते. बीपीचे यंत्र, थर्मामीटर, टॉर्च, कात्री हरवली तर वसुली होईल या धास्तीने इन्चार्ज दुपारी घरी जाताना वस्तू कपाटात बंद करून किल्ली नेते. नाईटच्या सिस्टरला चाळीस रुग्णांमागे एक थर्मामीटर उरतो. ती शेजारच्या वॉर्डातून मागून आणते, तिथली इन्चार्ज दुसऱ्या दिवशी रागावते, म्हणून पुढच्या वेळी ती मागत नाही आणि ताप अंदाजाने लिहिला जातो. कामापलीकडे जाण्याची इच्छा इथे कपाटात बंद झालेली असते. मोडलेल्या वस्तूंचे निर्लेखन, म्हणजे त्या नोंदीतून कमी करणे, वर्षानुवर्षे रखडते, म्हणून भंगारही मोजून सांभाळावे लागते.

परिसेविकेचे पद ज्येष्ठतेने मिळते. त्याला आमचा विरोध नाही. मात्र सोमवारी आदेश आणि मंगळवारी वॉर्डाचा ताबा, अशी आजची रीत बदलावी. ताबा घेण्याआधी चार आठवडे एका चांगल्या इन्चार्जसोबत काम करू द्यावे. त्यातला एक आठवडा फक्त ड्यूटी लिस्ट बनवण्याचा, एक घटनांच्या नोंदींचा. ‘उत्कृष्ट परिचारिका’ पुरस्कारावर आमचा फारसा विश्वास नाही. तो दिसणाऱ्या जादा कामाला मिळतो आणि कूस बदलायला धावणारी मागे राहते. वॉर्ड कसा चालला आहे हे अधिसेविकेला दर तिमाहीला चार आकड्यांत दिसू शकते. सिस्टरांनी आपसात बदललेल्या पाळ्या, स्वतःहून लिहिलेल्या घटना, नाईटनंतरच्या आजारपणाच्या रजा आणि वॉर्डातून बाहेर जाण्यासाठी आलेले बदलीचे अर्ज. पहिले दोन शून्यावर आणि नंतरचे दोन वाढते असतील, तर त्या इन्चार्जला नोटीस न पाठवता अधिसेविकेने एक नाईट त्या वॉर्डात काढावी.

दोन मागण्या आरोग्य विभाग शासकीय आदेशाने पुऱ्या करू शकतो. किरकोळ उपकरणांची तुटफूट ठरावीक टक्क्यांपर्यंत वसुलीविना निर्लेखित करण्याचा अधिकार अधिसेविकेला द्यावा, म्हणजे कपाटांच्या किल्ल्या रात्री वॉर्डात राहतील. आणि इंडेंट, कपडे, डेड स्टॉक यांसाठी दर तीन वॉर्डांमागे एक लिपिक द्यावा. त्यातून इन्चार्जचे जे दोन-अडीच तास मोकळे होतील, ते खाटांपाशी जातील.

आपल्या,
दोन निवृत्त अधिसेविका, पश्चिम महाराष्ट्र
(नावे व पत्ते संपादकांकडे)